दहा इंची सुरा कशाला हवाय, ते आधी ठरवा

प्रश्न विचारणारे गृहस्थ पुण्यात नोकरी करतात. संगमेश्वर तालुक्यात त्यांची दीड एकर वडिलोपार्जित जागा आहे आणि दहा-बारा वर्षांत तिथे कुणी फिरकलेलं नाही. आता महिन्यातून दोनदा जाऊन ती स्वतः साफ करायची आहे. त्यासाठी त्यांना 'मोठा, जाड, आयुष्यभर टिकेल असा हंटिंग नाईफ' हवाय. ऑनलाइन एक बघूनही ठेवलाय: दहा इंची पातं, सहा मिलिमीटर जाडी, पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मुठीत काड्या ठेवायची सोय आणि बुडाला होकायंत्र. शेवटी लिहितात, 'झाडीही तुटेल आणि रानडुक्कर किंवा बिबट्या समोर आला तर हातात काहीतरी असेल.'

मी लोहार. देवरुखच्या अलीकडे आमची भट्टी आहे, आजोबांपासूनची. मधली अकरा वर्षं मी भोसरीला एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या खात्यात काढली. मग वडिलांचे गुडघे गेले आणि परत आलो. थोडक्यात, पोलाद मशीनवर मोजूनही पाहिलंय आणि ऐरणीवर ठोकूनही. तुम्ही बघून ठेवलेला सुरा घेऊ नका, हे लगेच सांगून टाकतो. का नको ते कळलं तर पुढचं हत्यार तुमचं तुम्हालाच निवडता येईल, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक झाडीचा, दुसरा भीतीचा. दुकानदार दोन्हींचं उत्तर एकाच पात्यात विकतो, तिथे घोळ होतो.

भीतीचं आधी उरकून घेऊ. रानडुक्कर सुऱ्याने थांबत नाही. ते धूड तुमच्या गुडघ्याच्या उंचीवरून येतं, आणि पातं पोचेल इतकं जवळ आलं की तुमची मांडी आधी फाटलेली असते. त्याला वाट द्यायची, आडवं जायचं नाही. पाखाडीवरून (दगडी पायवाटेवरून) जाताना काठी आपटत, मोठ्याने बोलत जायचं, म्हणजे ते आपणहून बाजूला होतं. बिबट्याचं तसंच. तिन्हीसांजेनंतर जागेत वाकून, एकट्याने काम करायचं नाही. टॉर्च जवळ ठेवायचा. झाडी साफ करणाऱ्याला आमच्याकडे खरा धोका असतो फुरशाचा, म्हणजे एका विषारी सापाचा. हातभर लांबीचं, पाचोळ्याच्या रंगाचं जनावर, तुमचा हात जिथे जातो नेमकं तिथेच पडलेलं. त्याच्यावर इलाज गमबूट आणि डाव्या हातातलं बेळकं, म्हणजे बेचक्याची काठी. बेळक्याचं पुढे सांगतो.

आता 'हंटिंग नाईफ' या नावाबद्दल. जिथे परवान्याने शिकार चालते, त्या अमेरिकेत किंवा फिनलंडमध्ये हरणं मारणारा माणूस खिशात काय ठेवतो? तीन-चार इंचांचं पातं. कारण बंदुकीने मारल्यावर सुऱ्याचं काम उरतं ते कातडं सोलायचं आणि सांधे सोडवायचं, आणि ते नाजूक काम आहे. फिनलंडचा पुक्को वीतभरसुद्धा नसतो. दहा इंची सुऱ्याचं वेड आलं ते जिम बोवी नावाच्या अमेरिकन माणसामुळे. १८२७ साली मिसिसिपी नदीच्या वाळूवर झालेल्या मारामारीत त्याने मोठा सुरा चालवला, वर्तमानपत्रांनी ते रंगवलं आणि तो आकार शिकाऱ्याची खूण होऊन बसला. आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद आहे. म्हणजे ज्या कामाच्या नावाने हा सुरा विकला जातो ते काम तुम्हाला करायचं नाही, आणि करायचं असतं तरी हा सुरा त्याला लागला नसता.

राहिली झाडी. घाणेरी, करवंदीच्या जाळ्या, रानमोडी, मनगटाएवढी झालेली ऐन-किंजळाची रोपं, एखादा वाळका बांबू. यासाठी शेकडो वर्षं घासून-पुसून तयार झालेलं हत्यार आपल्याकडे आहेच, ते म्हणजे कोयता. आपल्या गावचं म्हणून कौतुक करतोय असं समजू नका. आकार बघा. पातं पुढे वळलेलं, म्हणजे वजन पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात येतं. मनगट फिरवलं की बाकीचं काम वजन करतं. टोक आत वळलेलं, त्यामुळे जांभ्या दगडाच्या जमिनीत घाव चुकला तरी टोक दगडावर आपटत नाही, आणि त्याच चोचीने तोडलेली काटेरी फांदी ओढून बाजूला काढता येते. सरळ, अणकुचीदार सुऱ्याला यातलं काहीच जमत नाही. टोक भोसकायला असतं, आणि झाडीत तुम्हाला कुणाला भोसकायचंय?

जाडीबद्दल जरा बसून बोलू, कारण गिऱ्हाईक सगळ्यात जास्त फसतं ते इथे. जाड म्हणजे मजबूत असं सगळ्यांना वाटतं. मला एक सांगा, महाराष्ट्रात सगळ्यात जास्त घाव घालणारं हत्यार कुठलं? ऊसतोड मजुराचा कोयता. बीड-नगरकडून येणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, उचलही त्या हिशेबाने मिळते. ही माणसं पहाटेपासून उसाच्या फडात वाकलेली असतात. त्यांचा कोयता हातात घेऊन बघा: पातळ, हलका. दिवसभर हात चालवायचा असेल तर जड हत्यार परवडत नाही. दोन तासांनी खांदा भरून येतो, मग घाव तिरका पडतो, आणि तिरक्या घावानेच पातं वाकतं, मूठ हलते, नडगी फुटते.

शिवाय जाड पातं लाकडात शिरत नाही. ते पाचरीसारखं अडकतं. सहा मिलिमीटरचं पातं मुठीपासून टोकापर्यंत सहाच मिलिमीटर असेल तर ती पट्टी झाली, त्याला मी हत्यार म्हणत नाही. चांगला कोयता मुठीजवळ पाठीला पाच-सहा मिलिमीटर असतो आणि पुढे उतरत उतरत तिनावर येतो. आडव्या अंगानेही तो पाठीकडून धारेकडे उतरतो, आणि अगदी धारेच्या मागे त्याला किंचित पोट ठेवलेलं असतं, मसुराच्या डाळीला असतं तसं. ते पोट लाकूड बाजूला सारतं आणि धारेला मागून आधार देतं. उतार काढायला पोलाद तापवून ठोकायला वेळ लागतो. पट्टी कापून ग्राइंडरने धार काढायला पाच मिनिटं पुरतात. 'जाड, दणकट' म्हणून जे विकलं जातं त्यात पुष्कळदा वाचवलेली मेहनतच असते.

पाठीवरच्या करवतीबद्दल एकच वाक्य: ती लाकूड कापत नाही, आणि पाठीवर हात ठेवून जोर द्यायचा म्हटलं तर तुमचाच तळवा कापते.

आता पोलाद आणि पाणी. आम्ही 'पाणी देणं' म्हणतो ते हे: पातं लाल करून एकदम थंड करायचं, म्हणजे ते कडक होतं. पण नुसतं कडक झालेलं पोलाद काचेसारखं असतं. म्हणून परत थोडं तापवून त्याची काच उतरवायची. हत्यार टिकतं की नाही ते बहुतेक इथेच ठरतं.

माल म्हणून आमच्याकडे चालतो ट्रकचा कमानपाटा (स्प्रिंगची पट्टी). त्यात कार्बन अर्धा-पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो, आणि झटके खायचंच काम असल्याने पोलाद मुळात चिवट. बांधकामाच्या सळईचा कोयता कुणी देत असेल तर घेऊ नका. त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास, पाणी दिलं तरी कोयत्याला हवी तशी कडक होत नाही, आठ दिवसांत धार दुमडते. जुन्या पाट्यातही एक ग्यानबाची मेख आहे. लाखो झटके खाल्लेल्या पाट्यात बारीक चिरा असू शकतात. मी शक्यतो नव्या पाट्याचे तुकडे आणतो.

भोसरीहून परत आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात मी एक चूक केली. वाडीतल्या एका काकांचा कोयता करत होतो. कमानपाट्याला तेलात थंड करावं हे मला पाठ होतं, पण तेलाचा डबा संपलेला आणि काकांना दुसऱ्या दिवशी कवळ (शेत भाजायला लागणाऱ्या पानांच्या फांद्या) तोडायला जायचं होतं. मी बादलीतल्या गार पाण्यात बुडवला. बारीकसा 'टिंग' आवाज आला. वडील पडवीत बसले होते, ते म्हणाले, "गेला रे." मी पातं उजेडात धरलं, काही दिसेना, दिलं तसंच. चार दिवसांनी काका दोन तुकडे घेऊन आले. किंजळाच्या फांदीवर घाव घालताना पुढचा तुकडा तुटून त्यांच्या कानाजवळून गेला होता. तुटलेल्या जागी बघितलं तर धारेपासून अर्ध्या बोटापर्यंत पोलाद काळं पडलेलं, म्हणजे चीर पाणी देतानाच गेलेली. तिच्यापुढचं राखाडी आणि ताजं. काका रागावले नाहीत, म्हणून जास्तच लाज वाटली. तेव्हापासून तेल संपलं की भट्टी बंद.

आता मी असं करतो. पातं तापवताना मधून मधून लोहचुंबक लावून बघतो. पावणेआठशे अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून रंग अजून जरासा उजळू द्यायचा आणि धारेकडून, आधी कोमट करून ठेवलेल्या तेलात उतरवायचं. मग एका अंगाला दगड घासून चकचकीत पट्टा काढायचा आणि पाठीकडून हळूहळू ऊब द्यायची. त्या चकचकीत पट्ट्यावर रंग चालत येतात: आधी वाळक्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पाठ निळी झाली आणि धारेवर जांभळा पोचला की थांबवायचं. म्हणजे धार कडक आणि पाठ लवचीक. नेपाळचे कामी, म्हणजे तिथले लोहार, खुकरीच्या नुसत्या धारेवर किटलीतून पाण्याची धार सोडतात. वाट वेगळी, हेतू तोच.

आकड्यांची आवड असेल तर: कारखान्यात आम्ही रॉकवेल मशीनवर हिऱ्याचं टोक दीडशे किलोच्या भाराने दाबून कडकपणा मोजायचो. त्या आकड्याला एचआरसी म्हणतात. स्वयंपाकघरातल्या भारी जपानी सुऱ्या ६० च्या पुढे असतात. त्यांनी टोमॅटो कागदासारखा पातळ कापता येतो, पण नारळावर मारली तर तुकडा उडतो. घाव घालायच्या हत्याराला ५० ते ५५ पुरे. म्हणून मोठ्या सुऱ्याच्या जाहिरातीत '६० एचआरसी' बघून भुलू नका. आकडा खरा असेल तर सुरा घावाला तुटेल, आणि खोटा असेल तर मग बोलायलाच नको.

स्टेनलेस घ्यावं का, हे मात्र परिस्थितीवर आहे. तुम्ही महिन्यातून दोनदा येणार, मधले पंधरा दिवस हत्यार कोकणातल्या दमट घरात पडून राहणार. गंज चढणारच. चांगलं स्टेनलेस, नीट पाणी दिलेलं, वाईट नसतं. पण ते महाग मिळतं, स्वस्तातलं बहुधा मऊ असतं, आणि गावातला लोहार ते दुरुस्त करू शकत नाही. साध्या पोलादाला काम झाल्यावर चिंधीने पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, इतकंच. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवू नका. म्यान ओल धरतं आणि पातं आतून खातं.

मुठीकडे लोक बघतच नाहीत, आणि हत्यार मोडतं ते पुष्कळदा तिथेच. दोन वर्षांपूर्वी मुंबईचा एक मुलगा माझ्याकडे असाच पोकळ मुठीचा सुरा घेऊन आला होता. पहिल्याच दिवशी पातं मुठीतून निखळून करवंदीत जाऊन पडलेलं. उघडून बघितलं तर पात्याची शेपटी आत जेमतेम दीड इंच, करंगळीपेक्षा बारीक, आणि एका स्क्रूवर सगळा भरवसा. मुठीत काड्या ठेवायला जागा हवी म्हटल्यावर पोलाद कुठे जाणार? शेपटी मुठीच्या आरपार गेलेली हवी. आमच्या पद्धतीत ती लाकडातून मागे काढून वळवून ठोकतात आणि पुढे लोखंडी कडी बसवतात, म्हणजे लाकूड फुटत नाही. किंवा मग पूर्ण रुंदीची शेपटी आणि दोन बाजूंना लाकडाच्या फाका, आरपार रिपीट मारलेल्या. दोन्ही चालतात. लाकूड शिवणीचं किंवा शिसवीचं, रेषा लांबीला धरून. व्हार्निशचा चकचकीत थर असेल तर खरवडून टाका, घामाने तो हात सरकवतो आणि फोड आणतो. आणि कुणी सांबरशिंगाची मूठ दाखवली तर हात लावू नका. शिंग जंगलात गळून पडलेलं असलं तरी त्याची खरेदी-विक्री गुन्हाच आहे.

बाजारात उभं राहून कोयता कसा पारखायचा, ते सांगतो. आधी डोळ्यासमोर धरून पाठीवरून नजर टाका. पातं सरळ हवं, पिळलेलं नको. मग सोबत नेलेली बारीक कानस धारेवर हलकेच ओढा. काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर धार जास्त कडक आहे. लोण्यात शिरल्यासारखी शिरली तर पाणीच दिलेलं नाही. जरा अडून, खरखरत चावली तर बरोबर. धारेजवळ निळी-जांभळी झाक फक्त ठिपक्यांत किंवा पट्ट्यांत दिसली तर ती ग्राइंडरने जाळलेली जागा असते. तिथली धार टिकणार नाही. शेवटी मूठ पकडून पाठीवर बोटाने टिचकी मारा. मुठीत खुळखुळ जाणवली तर खाली ठेवा. वजन पाचशे ते सातशे ग्रॅम, त्याच्या वर तुम्ही जाऊ नये. खुर्चीवर काम करणाऱ्या माणसाला मी तर साडेपाचशेच देतो. रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडीही उत्तम काम करतात, पण माल कुठला वापरतात ते विचारा. शक्य झालं तर पाट्याचा तुकडा आपणच नेऊन द्या.

एकच हत्यार सगळ्याला हवं हा हट्टही सोडा. कोयत्याच्या जोडीला चार इंची साधी सुरी ठेवा, दोरी कापायला, आंबा चिरायला, बोटातला काटा काढायला. दोन्ही मिळून तुमच्या त्या ऑनलाइन सुऱ्याच्या निम्म्या पैशांत येतात.

आता बेळकं. ही टोकाला बेचकं असलेली हातभर ते दीड हात काठी. डाव्या हातातल्या बेळक्याने जाळी दाबून धरायची आणि उजव्या हाताने बुंध्याशी तिरका घाव घालायचा. डावा हात काट्यांपासून, फुरशापासून आणि मुख्य म्हणजे तुमच्याच कोयत्यापासून लांब राहतो. शहरातून आलेली माणसं फांदी हातात धरून तोडतात, आणि माझ्याकडे कोयत्याऐवजी पट्टी बांधलेला अंगठा दाखवायला येतात. आणि चालताना कोयता हातात घेऊन फिरू नका. कमरेला मागे आकडी बांधा आणि तिच्यात अडकवा. पाखाडीवर पाय घसरला तर दोन्ही हात मोकळे हवेत.

धार लावायची ती निसण्यावर (धारेच्या दगडावर), पाणी लावून, घाव घालायला सुरुवात करण्याआधी पाच मिनिटं. एसटी स्टँडवर सायकलच्या चाकावर धार लावून घेऊ नका. ठिणग्या दिसायला छान वाटतात, पण जांभळ्या रंगावर थांबवलेली धार तिथे दोन सेकंदांत निळ्याच्या पुढे जाते. खांड पडली असेल तर लोहाराकडे आणा, शेवटून (तापवून, पुन्हा ठोकून धार काढून) देतो.

कायद्याचं एक. शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेल्या हत्यारांना त्यातून वगळलंय. म्हणजे तुमचा दहा इंची 'हंटिंग' सुरा नावापासूनच अडचणीत, आणि कोयता शेतीचा म्हणून सुटतो. पण तो शेतात असेपर्यंत. पुण्यात 'कोयता' शब्दाला गेल्या काही वर्षांत काय वास आलाय ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचता. जमावबंदीचे आणि हत्यारबंदीचे पोलिसी आदेशही मधून मधून निघतात. तेव्हा कोयता पुण्याला नेऊच नका. गावातल्या घरी, आढ्याला अडकवून ठेवा, किल्ली शेजाऱ्यांकडे.

घ्यायचा असेल तर दिवाळीनंतर लगेच या. पुढे कवळ तोडायचे दिवस आले की सगळी वाडी माझ्या दारात असते आणि मग मला तुमच्या मुठीकडे बघायला वेळ मिळत नाही. येण्याआधी कागदावर उजवा पंजा ठेवून पेन्सिलीने आखा आणि त्याचा फोटो पाठवा, शेजारी पट्टी ठेवून. डावरे असाल तर ते आधी कळवा, कारण मी कोयत्याला एका अंगाने जास्त उतार देतो आणि उजव्याचा कोयता डाव्या हातात बाहेर पळतो.